गुरू समाधीत, फ्लॉपी ड्राइव्हमध्ये

१.४४ एमबीच्या फ्लॉपीत १.४४ एमबी मावत नाहीत. ज्यांनी उमेदीची वर्षं या फ्लॉप्या शर्टाच्या खिशात घालून हिंडण्यात काढली, त्यांना हे ऐकून वाईट वाटेल. पण गणित साधं आहे. दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर, प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार केला की उत्तर येतं १४,७४,५६० बाइट. दहा लाख बाइटांचा एक एमबी धरला, तर हे झाले १.४७ एमबी. संगणकवाल्यांच्या चालीने १०,४८,५७६ बाइटांचा एमबी धरला, तर भरतात १.४१. डब्यावर छापलेला १.४४ हा आकडा हवा असेल, तर एक एमबी म्हणजे १,००० गुणिले १,०२४ असा तिसराच धरावा लागतो. अर्धा दशमान, अर्धा द्विमान. कंपन्यांनी हा आकडा छापला, आपण तो वाचला, आणि कुणीही दुकानदाराला परत बोलावून मोजून दाखवायला सांगितलं नाही.

मी कॉमर्सचा माणूस. माझ्याकडे हे ज्ञान असण्याचं काही कारण नाही. ते मला साडूंकडून मिळालं.

आमचे थोरले साडू इंग्लंडमध्ये लेस्टरला असतात. निवृत्तीनंतर माणसं बाग करतात, भाच्यांची लग्नं जमवतात, मराठी मंडळाच्या कार्यकारिणीला उभी राहतात. साडूंची कार्यकारिणी करून झाली होती, भाच्यांनी आपापली लग्नं परस्पर जमवली होती आणि तिथल्या पावसात बाग आपली आपण होते. तेव्हा त्यांनी माळ्यावरून कमोडोर अमिगा ५०० खाली काढला. हा १९८७ सालचा घरगुती संगणक. कीबोर्डच्या पोटातच सगळा संगणक आणि उजव्या कुशीत फ्लॉपीची फट. साडूंनी तो १९८९च्या ‘बॅटमॅन पॅक’मध्ये ३९९ पौंडांना घेतला होता, मुलांच्या अभ्यासासाठी. खोक्यावर बॅटमॅन होता, यावरून अभ्यासाचा विषय कळावा. त्यात मेमरी होती अर्धा एमबी. व्हॉट्सअॅपवर रोज पहाटे येणारं गुलाबाचं फूल त्यात उघडायला गेलं, तर दुपारपर्यंत देठ दिसेल.

संगणक खाली आला, त्यासोबत एक खोकंही आलं. खोक्यात मंडळाच्या एका माजी खजिनदारांच्या फ्लॉप्या होत्या. ते गृहस्थ कॅनडाला गेले तेव्हा ‘तुमच्याकडे राहू द्या’ म्हणून ठेवून गेले होते. एका फ्लॉपीच्या लेबलवर निळ्या शाईत लिहिलं होतं : ‘गणेशोत्सव ९३ – हिशेब’.

१९९३च्या गणेशोत्सवात मोदकांचा खर्च सभागृहाच्या भाड्याहून जास्त झाला होता की नव्हता, यावर त्या मंडळात दोन तट आहेत. मूळ वादातले निम्मे लोक आता मोदक खात नाहीत, डॉक्टरांनी बंद केलेत. वाद मात्र जोमात आहे. साडू ‘झाला होता’ या तटाचे. म्हणजे पुरावा आता घरात होता आणि फक्त वाचायचा होता.

मुलगा म्हणाला, “बाबा, यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो. लॅपटॉपला लावायचा, दोन मिनिटांचं काम आहे.”

साडू म्हणाले, “दोन मिनिटांत काम झालं, तर संध्याकाळपर्यंत करायचं काय?”

या छंदाचं सगळं तत्त्वज्ञान या एका वाक्यात आहे. पीसीवर लिहिलेली फ्लॉपी पीसीवर कुणीही वाचेल. ती अमिगावर वाचण्यात पुरुषार्थ आहे.

पहिली अडचण अशी, की फ्लॉपी दिसायला सारखी असली तरी सारखी नसते. साडेतीन इंची प्लास्टिकची तीच चौकट, तीच सरकती पत्र्याची झडप, आत तीच तपकिरी तबकडी. दुकानातून आणलेल्या कोऱ्या फ्लॉपीवर रेघा आखाव्या लागतात, त्याला फॉरमॅट करणं म्हणतात, आणि प्रत्येक कंपनीची पट्टी वेगळी. साध्या घनतेच्या फ्लॉपीवर पीसी एका ट्रॅकमध्ये ९ सेक्टर आखतो; एकूण ७२० केबी. अमिगा त्याच ट्रॅकमध्ये ११ सेक्टर बसवतो; एकूण ८८० केबी. हा १६० केबींचा फायदा कुठून आला? पीसी दोन सेक्टरांच्या मध्ये मोकळी जागा सोडतो, एक सेक्टर नव्याने लिहिताना शेजारच्यावर पाय पडू नये म्हणून. अमिगा अख्खा ट्रॅक एका दमात वाचतो आणि एका दमात लिहितो, त्यामुळे त्याला मोकळ्या जागेची गरज नाही. अमिगावाले हे १६० केबी अजून सांगतात. तुम्ही विचारलं नाही तरी सांगतात.

दुसरी अडचण भोकाची. साडेतीन इंची फ्लॉपीच्या एका कोपऱ्यात एक खिडकी असते, तिच्यावर सरकपट्टी. १.४४वाल्या जास्त घनतेच्या फ्लॉपीला दुसऱ्या कोपऱ्यातही एक भोक असतं, त्यावरून ड्राइव्हला तिची जात कळते. अमिगा ५००चा ड्राइव्ह फक्त साध्या घनतेचा. १.४४ची फ्लॉपी पीसीच्या पद्धतीने लिहिलेली असेल, तर तिच्यावरून अक्षरं दुप्पट वेगाने येतात आणि अमिगातल्या पॉला नावाच्या चिपला तो वेग झेपत नाही. ही पॉला गाणं, फ्लॉपी आणि सिरियल पोर्ट ही तिन्ही कामं एकटी पाहते, त्यामुळे तिला बोलायची सोय नाही. पुढे अमिगासाठी जास्त घनतेचे ड्राइव्ह निघाले. त्यांनी तोडगा असा काढला, की तबकडीच मिनिटाला ३००ऐवजी १५० फेरे घेईल. तंत्रज्ञानाची प्रगती म्हणून नवा ड्राइव्ह घ्यायचा आणि तो निम्म्या वेगाने फिरवायचा. साडू याला इंग्रजी संयम म्हणतात, अमिगा अमेरिकेत घडला असला तरी.

त्या काळात लोक १.४४च्या फ्लॉपीच्या भोकावर सेलोटेप चिकटवून तिला ७२०ची करत. ड्राइव्ह फसे, फ्लॉपी फॉरमॅट होई, पैसे वाचत. फक्त जास्त घनतेच्या तबकडीचा लेप वेगळा असतो, तिच्यावर लिहायला चुंबकाचा जोर जास्त लागतो. साध्या जोराने लिहिलेलं कधी टिके, कधी पुसट होई. सेलोटेप मात्र टिकली आहे. साडूंच्या खोक्यात अशा कितीतरी फ्लॉप्या आहेत, ज्यांच्यावर आता वाचण्यासारखं फक्त सेलोटेपवरचं नाव उरलंय.

पहिल्या खिडकीची गंमत निराळी. सव्वापाच इंची जुन्या फ्लॉपीला कडेला एक खाच असे. खाच उघडी असेल तर फ्लॉपीवर लिहिता येई. तिच्यावर चिकटपट्टी लावली की लिहिणं बंद. साडेतीन इंची फ्लॉपी आली आणि नियम उलटला : खिडकी उघडी असेल तर लिहिणं बंद, झाकलेली असेल तर चालू. ज्यांनी हे ठरवलं त्यांची कारणं असतील. पण या एका उलटापालटीने त्या पिढीतल्या लोकांचा किती डेटा पुसला गेला असेल, याचा हिशेब कुठल्याच फ्लॉपीवर सापडणार नाही, कारण ती पुसली गेली.

‘गणेशोत्सव ९३’ला दुसरं भोक नव्हतं. म्हणजे ७२०ची होती. साडूंनी खिडकी उघडून ठेवली, देवाला नमस्कार केला आणि फ्लॉपी आत सरकवली.

अमिगा म्हणाला : नॉट अ डॉस डिस्क.

फ्लॉपी एमएस-डॉसची. तिला हे यंत्र सांगतंय की तू डॉसची नव्हेस. कारण अमिगाच्याही कारभाराचं नाव डॉस आहे, अमिगाडॉस, आणि त्याच्या मते जगात डॉस एकच. साडूंना याचा राग येत नाही. अमिगावाले पूर्वापार एमएस-डॉसला ‘मेसी-डॉस’ म्हणत आले आहेत, तेव्हा आपल्या यंत्राचाही थोडा अभिमान ते चालवून घेतात. उपाय त्यांच्याकडे होता : क्रॉसडॉस नावाचा प्रोग्रॅम. १९९२मध्ये कमोडोरने तो अमिगाच्या कारभाराच्या २.१ आवृत्तीसोबत देऊन टाकला. साडूंचं यंत्र त्याआधीच्या १.३ आवृत्तीचं, त्यामुळे त्यांनी तो पूर्वीच पैसे मोजून घेतलेला होता. क्रॉसडॉस चालू केला की अमिगाच्या त्याच एका ड्राइव्हला दोन नावं पडतात. डीएफ० म्हटलं की तो अमिगाच्या नजरेने बघतो, पीसी० म्हटलं की पीसीच्या.

आता इथून कार्यक्रम रंगतो. फ्लॉपीवर काय आहे हे बघायला ‘लिस्ट’ असा हुकूम सोडायचा. पण ‘लिस्ट’ करायचं कसं, हे यंत्राच्या डोक्यात नसतं. ते वर्कबेंच नावाच्या दुसऱ्या फ्लॉपीवर असतं. ड्राइव्ह एकच. मग पडद्यावर नम्र विनंती येते : कृपया वर्कबेंच फ्लॉपी कोणत्याही ड्राइव्हमध्ये घाला. ‘कोणत्याही’ हा शब्द वाचून साडू दर वेळी डावीकडे-उजवीकडे बघतात. हिशेबाची फ्लॉपी काढायची, वर्कबेंच घालायची, यंत्र ‘लिस्ट’ म्हणजे काय ते वाचून घेतं, मग वर्कबेंच काढून हिशेब पुन्हा घालायचा. तोवर तुम्ही दुसरा हुकूम सोडलात, तर पुन्हा वर्कबेंच. ताई, म्हणजे आमच्या मेहुणी, स्वयंपाकघरातून फक्त आवाज ऐकतात. ड्राइव्ह रिकामा असला तरी अमिगा मिनिटामागून मिनिटं टक् टक् करत राहतो, कारण नवीन फ्लॉपी आली का हे बघायला तो वाचायचं डोकं एक पाऊल हलवून पाहतो. टकटक थांबली की ताईंना कळतं, आत काहीतरी घातलं. टकटकही नाही आणि खरखरही नाही, असं झालं की त्या बाहेर येतात.

“बसला का यांचा गुरू?”

अमिगा कोलमडला की पडद्याच्या वरच्या बाजूला काळ्यावर लाल चौकट लुकलुकते आणि तिच्यात लिहून येतं : ‘गुरू मेडिटेशन’, पुढे सोळा आकडी-अक्षरी मंत्र. हे मी विनोदासाठी रचलेलं नाही. अमिगा बनवणाऱ्या कंपनीने आधी जॉयबोर्ड नावाची एक फळी काढली होती, तिच्यावर उभं राहून, तोल सांभाळत व्हिडिओ गेम खेळायचा. संगणक वारंवार कोसळू लागला की तिथले इंजिनिअर त्या फळीवर मांडी घालून न हलता बसण्याची पैज लावत, आणि त्यातून हा संदेश निघाला, असं सांगितलं जातं. कॅलिफोर्नियातल्या इंजिनिअरांनी थट्टेत लिहिलेला हा संदेश लेस्टरच्या एका मराठी घरात नित्य व्यवहारात आहे. फोन केला की ताई सांगतात, “ते आत्ता नाही येणार. गुरू समाधीत आहेत.” दोन वेळा नातेवाइकांनी चौकशीला फोन केले, कुणाची समाधी म्हणून.

साडूंच्या मित्रमंडळात यंत्रागणिक पंथ आहेत. महिन्यातून एकदा ही मंडळी एका सभागृहात आपापली यंत्रं घेऊन जमतात आणि चहा पिताना एकमेकांच्या यंत्रांबद्दल सहानुभूती व्यक्त करतात. त्यांत एक अटारी एसटीवाले आहेत. त्यांचं म्हणणं, हा सगळा खटाटोप कशाला? अटारी एसटीची फ्लॉपी मुळातच पीसीच्या वळणाची असते. पीसीवर फॉरमॅट केलेली ७२०ची फ्लॉपी घाला, एसटी निमूट वाचतो. हे खरं आहे. पण जुन्या एसटीने स्वतः फॉरमॅट केलेली फ्लॉपी पीसीला दिली, की पीसी तिच्या पहिल्या सेक्टरमध्ये आपल्याला हवी ती अक्षरं शोधतो, ती नसली की नाक मुरडतो. त्यामुळे एसटीवाले त्या काळी कोऱ्या फ्लॉप्या पीसीवरच फॉरमॅट करून आणत. साडूंनी हे बोलून दाखवल्यावर त्यांनी चहात साखर घातली आणि ढवळत राहिले.

या दोन पंथांचं वैर जुनं आहे, त्याला इतिहास आहे. कमोडोर ज्यांनी उभी केली ते जॅक ट्रॅमिएल १९८४मध्ये कमोडोर सोडून अटारीचे मालक झाले. आधी अटारीत चिप बनवणारे जे मायनर अमिगाचे जनक झाले, आणि तो अमिगा कमोडोरने विकत घेतला. म्हणजे कमोडोरचा माणूस अटारीत, अटारीचा माणूस कमोडोरच्या यंत्रात, आणि दोन्हीकडचे कार्यकर्ते मात्र निष्ठेपायी अजून एकमेकांशी बोलत नाहीत. मराठी वाचकाला यात काही नवीन वाटू नये.

तिसरे आहेत कमोडोर १२८वाले. त्या यंत्राचा थोरला भाऊ कमोडोर ६४, त्याचा १५४१ हा ड्राइव्ह तर पीसीची फ्लॉपी वाचूच शकत नाही. तो लिहितोच वेगळ्या पद्धतीने : एका बाजूला १७० केबी, तेही सेकंदाला जेमतेम तीन-चारशे बाइटांच्या गतीने. त्या ड्राइव्हमध्ये त्याचा स्वतःचा प्रोसेसर आहे, पण हुशारीचा आणि गतीचा संबंध नसतो हे त्याने सिद्ध केलं. १२८सोबत आलेल्या १५७१ या ड्राइव्हमध्ये मात्र पीसीच्या पद्धतीचं लिखाण वाचायला वेगळी चिप बसवलेली होती. ‘बिग ब्लू रीडर’ नावाचा प्रोग्रॅम चालवला की तो पीसीची फ्लॉपी वाचतो. फक्त कमोडोरची वर्णमाला स्वतःची होती. तिच्यात मोठ्या आणि छोट्या इंग्रजी अक्षरांच्या जागा उलट. मजकूर रूपांतर न करता उघडला, तर सगळी मोठी अक्षरं छोटी आणि छोटी मोठी. अख्खं पत्र ओरडून लिहिल्यासारखं दिसतं आणि सही तेवढी हळू आवाजात.

असो. हिशेब उघडला. वर्कबेंच काढून, घालून, पुन्हा काढून पीसी०ची यादी पडद्यावर आली, आणि साडूंनी मला पुण्याला व्हिडिओ कॉल करून ती दाखवली. HISHEB93 नावाची फाइल होती, रोमनमध्ये. डॉसमध्ये नावाला आठच अक्षरं चालत. अमिगाला तीस चालतात, हे साडूंनी मला त्याही क्षणी सांगितलं. पुढे ठिपका आणि शेपूट : WK1. साडू गप्प झाले. खजिनदारांनी हिशेब लोटस १-२-३ या आकडेमोडीच्या प्रोग्रॅममध्ये केला होता.

फ्लॉपी वाचणं आणि फाइल वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तबकडी फिरली, सेक्टर सापडले, सगळे बाइट जसेच्या तसे अमिगात आले. पण त्या बाइटांचा अर्थ फक्त लोटसला ठाऊक, आणि लोटस पीसीवर. साडू हार मानणारे नव्हेत. त्यांनी फाइल कच्चीच छापायला सांगितली, बाइटमागून बाइट. लोटसची खुबी अशी, की मजकूर ते साध्या अक्षरांत ठेवतं, आकडे मात्र आपल्या खास भाषेत. त्यामुळे पडद्यावर स्पष्ट वाचता आलं : मोदक, फुलं, सभागृह, लाउडस्पीकर, किरकोळ. रोमनमध्ये, एकाखाली एक. रकमांच्या जागी खिचडी.

म्हणजे तीस वर्षांच्या वादातला जो भाग कुणी नाकारत नव्हता, की मोदक होते आणि सभागृह होतं, तेवढा पुराव्यानिशी सिद्ध झाला.

यंत्रवाल्यांच्या पुढच्या बैठकीला साडू ती छापील पानं घेऊन गेले. कमोडोर १२८वाले गृहस्थ आयुष्यभर असलीच पानं वाचत आलेले. त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं, की लोटस पूर्ण आकडा दोन बाइटांत ठेवतं, पण अपूर्णांक आला की आठ बाइट घेतं. सभागृहाचं भाडं पूर्ण पौंडांत होतं, ते त्यांनी बोट ठेवून दाखवलं : ९६. साडूंनी लगेच वहीत लिहून घेतलं, भाडं ९६ पौंड. गृहस्थ म्हणाले, नाही, हा सोळाच्या पाढ्यातला ९६ आहे. नऊ सोळे एकशे चव्वेचाळीस आणि सहा, म्हणजे १५०. साडू म्हणाले, समोर ९६ दिसतंय. एसटीवाले म्हणाले, आमच्यात असं झालं नसतं. मोदकांच्या खर्चात पेन्स होते, त्यामुळे तो आठ बाइटांत. तो काढायला त्या गृहस्थांनी कागद घेतला आणि घरी नेला. आता मंडळात तीन तट आहेत : मोदक जास्त म्हणणारे, भाडं जास्त म्हणणारे, आणि भाडं ९६ की १५० याचा आधी निकाल लावा म्हणणारे.

शेवटी मुलाने यूएसबीचा ड्राइव्ह आणला. लॅपटॉपवर आजही काही मोफत प्रोग्रॅम लोटसच्या या फायली उघडतात. फाइल उघडली. भाडं १५० पौंड, मोदक १५४ पौंड ५० पेन्स. साडूंचा तट जिंकला. विरोधी तटाने कळवलं, की यूएसबीवर काढलेला पुरावा त्यांना ग्राह्य नाही. अमिगावर दाखवा.

या सगळ्यातून एक गोष्ट मात्र मला पटली, आणि ती विनोदाची नाही. अमिगा पीसीची फ्लॉपी वाचतो, पण पीसी अमिगाची वाचत नाही. अमिगातली पॉला फ्लॉपीवरून जे येईल ते नुसतं मेमरीत आणून टाकते आणि अर्थ लावायचं काम प्रोग्रॅमवर सोडते. त्यामुळे चांगला प्रोग्रॅम लिहिला की तिला दुसऱ्याची पद्धतही वाचता येते. पीसीतली चिप आयबीएमच्या पद्धतीच्या खुणा शोधते; त्या दिसल्या नाहीत तर तिच्या लेखी तिथे काहीच लिहिलेलं नाही. मग पडदा तीन पर्याय देतो : अबॉर्ट, रिट्राय, फेल. सोडून द्या, पुन्हा अपयश घ्या, किंवा आहे तेच अपयश मान्य करा. मुंबईत मराठी माणूस समोरच्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघायच्या आत आपणहून हिंदीत सुरू होतो. समोरच्याला मराठी शिकायची वेळच येत नाही. अमिगानेही तेच केलं. मोठ्या बाजाराची भाषा धाकट्याने शिकून घेतली आणि मोठ्याला कधी गरज पडली नाही. १९९४च्या एप्रिलमध्ये कमोडोर दिवाळखोरीत गेली. पीसी राहिला. ज्याला दोन भाषा येत होत्या तो गेला, एक येत होती तो टिकला.

तरी या खटाटोपाला कुणी वेडेपणा म्हणू नये. १९८५मध्ये अमिगाचं उद्घाटन झालं तेव्हा अँडी वॉरहॉल या चित्रकाराने त्याच्यावर चित्र काढून दाखवलं होतं. त्याच्या फ्लॉप्या पिट्सबर्गच्या वॉरहॉल संग्रहालयात पडून होत्या. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक क्लबातल्या मंडळींनी त्या वाचल्या, तर आत जगाने न पाहिलेली चित्रं निघाली; २०१४मध्ये ती जगापुढे आली. आणि फ्लॉपी म्हणजे फक्त म्हाताऱ्यांचा छंद, असंही नाही. अमेरिकेच्या अण्वस्त्रांच्या दळणवळणात आठ इंची फ्लॉपी होती, ती २०१९मध्ये गेली. जपान सरकारने कागदपत्रं फ्लॉपीवर द्या असं सांगणारे हजाराहून अधिक नियम २०२४मध्ये रद्द केले. बोइंग ७४७-४००च्या मार्गदर्शनाची माहिती दर २८ दिवसांनी नवी भरावी लागते, आणि ती साडेतीन इंची फ्लॉपीने भरत. मोदकांचा हिशेब लोटसमध्ये अडकला म्हणून हसणाऱ्यांनी पुढच्या वेळी विमानाच्या खिडकीतून खाली बघताना हे आठवावं.

तेव्हा माळा आवरताना तुम्हाला फ्लॉप्यांचा डबा सापडला, तर तो भंगारवाल्याला देऊ नका. साडेतीन इंची असेल तर आधी सरकपट्टीची खिडकी उघडी करा, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. मग झडप सरकवून तबकडी उजेडात बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यांनी तिच्यावर बुरशी धरली असेल, पांढुरके डाग असतील, तर ड्राइव्हमध्ये घालू नका. ती घाण वाचायच्या डोक्याला लागते आणि पुढची चांगली फ्लॉपीही खराब होते. ती जाणकाराकडे द्या. स्वच्छ असेल आणि पीसीची असेल, तर साधा यूएसबी ड्राइव्ह पुरतो. अमिगाची असेल, तर साध्या यूएसबी ड्राइव्हला ती समजणार नाही. त्यासाठी तबकडीवरची चुंबकीय नक्षी जशीच्या तशी उचलणारं ग्रीसवीझलसारखं छोटं कार्ड आणि एक जुना ड्राइव्ह लागतो, किंवा साडूंसारखे एक साडू.

आत १९९०च्या दशकातला मराठी मजकूर असेल, तर अजून एक पायरी. त्या काळी प्रत्येक मराठी फॉन्टची आतली क्रमवारी निराळी असे, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर अग्रलेखसुद्धा इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांच्या ढिगाऱ्यात उघडतो. घाबरून ती फाइल पुसू नका. फॉन्टचं नाव शोधा, युनिकोडमध्ये रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत. आणि जे काय निघेल त्याची आजच दोन ठिकाणी नक्कल करून ठेवा, कारण फ्लॉपीचं आयुष्य तुमच्या सवडीने चालत नाही. मात्र फ्लॉपी वाचल्यावर जुना हिशेब निघाला, तर तो मंडळाच्या सभेत वाचायचा की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. त्याबाबत साडू जबाबदारी घेत नाहीत, मीही घेत नाही.